‘लाइन’ आणि आपली ओळ, रांग, पंगत

महाप्रसादाच्या दिवशी आमच्या मंडळाच्या सभागृहात माइकवरून एक सूचना हमखास ऐकू येते. पहिली मंडळी हात धुवायला उठली की स्वयंसेवक पुकारतो, ‘‘चला, दुसरी लाइन बसवून घ्या!’’ पूर्वी हीच सूचना ‘दुसरी पंगत बसवून घ्या’ अशी असायची. बदल कुणी ठरवून केलेला नाही. आमची इंदूरची मुले शाळेत ‘लाइन से चलो’ ऐकतात, घरी आम्हीच त्यांना ‘लाइनमध्ये उभा राहा’ म्हणतो. मग पत्रावळीपुढे ओळीने बसलेली माणसे पाहून जो शब्द जिभेवर तयार असतो तोच बाहेर पडतो.

आम्हाला याचा राग आला नाही, पण कुतूहल वाटले. रेल्वेला लाइन, पोलिसांना लाइन, फोनला लाइन, धंद्याला लाइन, वहीत लाइन आणि आता पंगतीलाही लाइन! शब्द एक आणि कामे इतकी, हे कसे झाले म्हणून आम्ही त्याचा थोडा माग काढला. एक गोष्ट लक्षात आली. हा शब्द आपले सगळे अर्थ एकदम घेऊन मराठीत आला नाही. प्रत्येक अर्थ निराळ्या वस्तूबरोबर, निराळ्या दाराने आला. काही ठिकाणी घर रिकामे होते, तिथे लाइन सुखाने राहिली. काही ठिकाणी मात्र आधीच कुणीतरी राहत होते.

जवसाचा धागा

ज्या जवसाची आपण चटणी करतो आणि माळव्यात ज्याला अळशी म्हणतात, त्याला लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणत. वनस्पतिशास्त्रातले त्याचे नाव आजही ‘लिनम उसिटॅटिसिमम’ म्हणजे ‘अत्यंत उपयोगी जवस’ असेच आहे. आपल्याकडे जवसाचे बी महत्त्वाचे. युरोपात त्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याला मोठा मान होता. त्या धाग्याचे कापड ते लिनन. तो धागा किंवा दोरी म्हणजे ‘लिनिया’ आणि तिच्यापासून पुढे इंग्रजी ‘लाइन’. मुले क्रिकेटच्या बॅटला जे लिनसीड तेल चोळतात तेही जवसाचेच. ती बॅट घेऊन ज्या गोलंदाजाची ‘लाइन अँड लेंग्थ’ ओळखायची, तिथली लाइनही दूरच्या नात्याने जवसाकडेच जाते.

कपड्याला आतून लावायचे अस्तर पूर्वी लिननचे असे, म्हणून त्याला ‘लाइनिंग’. शिवणाऱ्या बाई ‘ब्लाउजला लाइनिंग लावायचं का?’ म्हणून विचारतात ते हे. पण ‘लाइनिंगचा शर्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो रेघारेघांचा शर्ट. इंग्रजाला तो शब्द सांगितला तर तो शर्ट उलटा करून अस्तर शोधेल. हा दुसरा अर्थ आपण तयार केला आहे. कापडाच्या दुकानात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाचा घोटाळा होत नाही, हे आम्हाला फार आवडले.

धाग्याची रेषा कशी झाली हे समजायला बांधकामावर जावे. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना दोरी ताणतो आणि विटा त्या दोरीला धरून बसवतो. उभी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून ओळंबा सोडतो. ताणलेला धागा ही माणसाला सापडलेली पहिली सरळ रेषा असावी. इंग्रजीतला धागा असाच आधी दोरी, मग सरळ खूण, मग रांग आणि शेवटी शिस्त झाला.

हाच प्रवास आपल्या ‘सूत’ शब्दाने इंग्रजीची मदत न घेता केला आहे. सूत म्हणजे धागा. सुतार लाकडावर रंगवलेले सूत ताणून सोडतो आणि उमटलेल्या खुणेवर करवत चालवतो. त्याचे नावच ‘सूत्रधार’पासून आले असे मानतात. द्वाड मुलाला आपण ‘सुतासारखा सरळ’ करतो, आणि दोन माणसांचे ‘सूत जुळते’. ‘त्याला जरा लाइनवर आणा’ म्हणताना आपण सुताचेच काम लाइनकडून करून घेतो.

खुद्द इंग्रजीत या धाग्याला फुटलेले फाटे मोजायचे म्हटले तर कोशाची कित्येक पाने जातील. मासे धरायची दोरी लाइन, कपडे वाळवायची दोरीही लाइन. कवितेची ओळ, नटाचे वाक्य, चेहऱ्यावरची सुरकुती, राजघराण्याची वंशपरंपरा, कारखान्यातली जुळणीची साखळी, सगळ्यांना तोच शब्द. जुने खलाशी विषुववृत्ताला नुसते ‘द लाइन’ म्हणत. जहाजात जास्त माल भरून ते बुडू नये म्हणून त्याच्या अंगावर जी खूण काढतात तीही लाइनच. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने तिच्यासाठी जिवाचे रान केले आणि १८७६ साली ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला.

यातल्या एका शब्दाचा इतिहास मात्र अंगावर काटा आणतो. ‘प्रोजेक्टची डेडलाइन’ आपण रोज म्हणतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत काही अंतरावर एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तिला ‘डेड लाइन’ म्हणत. पुढे अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी तो शब्द मजकूर देण्याच्या वेळेसाठी उचलला. आपली ‘अंतिम मुदत’ त्या मानाने फारच दयाळू आहे.

छावणीतून आणि रुळांवरून

आपल्याकडे लाइन आली ती बहुधा इंग्रजी फौजेबरोबर. छावणीत सैनिकांच्या राहुट्या आणि बराकी रांगेने असत, म्हणून त्या वस्तीला ‘लाइन्स’ म्हणत. साहेबलोकांच्या बंगल्यांची वस्ती ती ‘सिव्हिल लाइन्स’. नागपूर, जबलपूर, दिल्ली, कुठेही जा, एक सिव्हिल लाइन्स असतेच. मुंबईचे ‘मरीन लाइन्स’ स्टेशन समुद्राच्या काठाने जाते, त्यामुळे ते नाव किनाऱ्याच्या रेषेवरून पडले असे पुष्कळांना वाटते. ते पडले आहे तिथल्या मरीन बटालियनच्या लाइन्सवरून, म्हणजे सैनिकांच्या वस्तीवरून.

हीच लाइन पोलिसांनी घेतली. आमच्या शहरात डीआरपी लाइन आहे, गावोगावी पोलीस लाइन आहे. ‘लाइनीत राहणारी पोरं’ म्हटले की घराचा पत्ता आणि वडिलांची नोकरी दोन्ही कळतात. मध्य प्रदेशातली हिंदी वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला आणखी एक प्रयोग रोज भेटतो: अमुक ठाणेदार ‘लाइन अटैच’. म्हणजे त्याला ठाण्यावरून काढून पोलीस लाइनीत हजर व्हायला सांगितले. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना ही बातमी समजावून सांगावी लागते, हा आमचा नेहमीचा अनुभव.

दुसरे दार रेल्वेचे, आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि १८७०च्या दशकात खंडवा ते इंदूर अशी होळकर स्टेट रेल्वे झाली. नर्मदा ओलांडून, कालाकुंड-पाताळपाण्याचा घाट चढून ती महूमार्गे इंदूरला येई. तिचे रूळ मीटरगेज होते. उत्तरेकडच्या बोलण्यात ब्रॉडगेज म्हणजे ‘बड़ी लाइन’ आणि त्याहून अरुंद ती ‘छोटी लाइन’. इंदूरच्या मराठी घरांत हे शब्द जसेच्या तसे आले. ‘छोट्या लाइनीने जाऊ, खंडव्याला बडी लाइन पकडू’ हे वाक्य आमच्या मागच्या पिढीच्या प्रत्येक सुट्टीत होते. पुण्या-मुंबईच्या नातलगाला ते ऐकून नवल वाटे, कारण त्याच्याकडे लाइनी लहानमोठ्या नव्हत्या, त्या मध्य, पश्चिम आणि हार्बर होत्या.

ग्वाल्हेरच्या मंडळींची छोटी लाइन तर आमच्याहूनही छोटी. शिंदे सरकारची ग्वाल्हेर ते श्योपूर ही गाडी फक्त २ फूट रुंदीच्या रुळांवरून जवळपास २०० किलोमीटर जात असे. बडोद्याच्या सभासदांनी यावर बोलू नये असे वाटत असेल तर ते चूक आहे. गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम नॅरोगेज १८६२ सालीच सुरू झाली होती आणि सुरुवातीला तिचे डबे बैल ओढत! हैदराबादकरांशी आमचे नाते मीनाक्षी एक्सप्रेसने जोडले. काचीगुड्याहून निघून पूर्णा, अकोला, खंडवा, इंदूर करत राजस्थानात जाणारी ही मीटरगेज गाडी. तिच्या एका टोकाकडून आणि मधल्या स्टेशनांवरून किती सुना आणि जावई इकडेतिकडे गेले असतील!

ही लाइन मराठीत आली तेव्हा तिच्या जागी कुठलाही मराठी शब्द नव्हता. वस्तूच नवी होती. ‘लोहमार्ग’ नंतर घडवला गेला आणि सरकारी कागदावर राहिला. रुळांची लाइन ही आपलीच लाइन आहे, तिच्याबद्दल कुणी खंत करू नये.

तारायंत्र, टेलिफोन आणि वीज यांचेही तसेच. ‘लाइन लागत नाही’, ‘क्रॉस लाइन झाली’, ‘जरा लाइनवर थांबा’ ही वाक्ये ट्रंक कॉलच्या दिवसांत घराघरांत होती, आता मोबाइलमुळे जुनी झाली. तारेची लाइन गेली आणि मागे ‘ऑनलाइन’ ठेवून गेली. विजेच्या बाबतीत गंमत आहे. पुण्यात ‘लाइट गेले’ म्हणतात, नागपूर-अकोल्याकडे ‘लाइन गेली’. लग्न होऊन विदर्भातून आलेल्या आमच्या एका वहिनींनी पहिल्याच आठवड्यात ‘लाइन गेली हो!’ म्हटले, तेव्हा सासरेबुवांनी टेलिफोन उचलून कानाला लावून पाहिला होता.

धंद्याची लाइनही अशीच रुळली. ‘मुलगा कोणत्या लाइनीत आहे?’ हा प्रश्न वधूवर मेळाव्यात आजही विचारला जातो. आणि तरुण मंडळींचे ‘लाइन मारणे’ व ‘लाइन देणे’ इंग्रजाला भाषांतर करून सांगितले तरी कळायचे नाही. ते पूर्णपणे देशी उत्पादन आहे.

व्याकरणानेही या पाहुणीला घरात घेतले. इंग्रजीत लाइनला लिंग नाही. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली, कारण तिच्या कामाचे आपले शब्द, म्हणजे ओळ, रांग, रेघ, रेषा, सगळे स्त्रीलिंगी. ‘लाइनी’, ‘लाइनीत’, ‘लाइनीला’ ही तिची रूपेही मराठी वळणाचीच. पण ज्या चौघींच्या वळणावर ती गेली त्यांच्याच घरात ती आता शिरू पाहते आहे.

आधीच राहणाऱ्या

लिहिलेली किंवा मांडलेली ती ओळ. कवितेच्या ओळी, घरांची ओळ, झाडांची ओळ. ‘पोचल्यावर चार ओळी लिही’ म्हणजे पत्र टाक. एकामागे एक उभ्या असलेल्यांची ती रांग. माणसांची, मुंग्यांची आणि डोंगरांचीही. सातपुड्याची आपण ओळ म्हणत नाही, रांग म्हणतो. रांगेसाठी इंग्लंडमध्ये ‘क्यू’ हा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ शेपूट. आपणही न संपणाऱ्या रांगेला मारुतीचे शेपूट म्हणतो. इंग्रज आणि आपण न ठरवता एका उपमेवर येऊन थांबलो, असे क्वचित होते.

हाताने ओढलेली ती रेघ. तिला जाडी असते, ती वाकडी होते, लहान मुले तिच्या रेघोट्या करतात. भूमितीतली ती रेषा. तिला जाडी नाही आणि शेवटही नाही. शेवट असेल तर तो रेषाखंड. महाराष्ट्रातल्या शाळेत मुलगा वहीत रेघ मारतो आणि म्हणतो ‘ही रेषा आहे’, तेव्हा त्याच्या भाषेने त्याला चित्र आणि कल्पना यांतला भेद आपोआप शिकवलेला असतो. आमची मुले हिंदीत ‘रेखा’ शिकतात आणि इंग्रजीत ‘लाइन’. त्यात काही बिघडत नाही, पण घरात रेघ आणि रेषा दोन्ही कानावर पडल्या तर हा भेद त्यांनाही फुकट मिळेल.

याखेरीज फुलझाडांची हार, कपाळावरची आठी, केसांतला भांग, शेतातली सरी. या सगळ्या रेषाच, पण प्रत्येकीला आपले नाव आहे. ‘कपाळावर लाइन आली’ म्हटले तर राग कळत नाही, आठी पडली की कळतो.

कुठला शब्द किती घट्ट बसला आहे हे पाहायची आमची एक साधी रीत आहे: त्याच्या जागी लाइन घालून पाहायची. ‘काळ्या दगडावरची रेघ’ याची लाइन करून बघा. ‘लक्ष्मणरेषा’ची करून बघा. होत नाही. (आमच्याकडे ती ‘लक्ष्मणरेखा’ झाली आहे, तेवढी हिंदीची सावली आम्ही मान्य करतो.) उलट ‘रेशनची रांग’ आणि ‘वहीतली ओळ’ सहज लाइन होतात. म्हणजे धोका तिथे आहे. म्हणीत आणि कथेत अडकलेले शब्द सुरक्षित असतात, रोजच्या वापरातले सुटे शब्द आधी जातात.

मैदानावर दोन्ही प्रकार दिसतात. कबड्डी आपली, म्हणून तिथे मध्यरेषा आणि निदानरेषा हे शब्द खेळाबरोबरच वाढले. क्रिकेट बाहेरचे, तरी मराठी समालोचकांनी आणि क्रीडा पत्रकारांनी ‘लाइन अँड लेंग्थ’ला ‘दिशा आणि टप्पा’ असे चपखल शब्द दिले. नवी वस्तू आली की इंग्रजी नावच घ्यावे लागते असे नाही, हे यावरून दिसते. मात्र कुणीतरी शब्द शोधायला बसावे लागते.

नकाशावरच्या रेषांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. अफगाणिस्तानची सीमा आखणारी ड्युरँड लाइन १८९३ची. ती ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या मॉर्टिमर ड्युरँडचा जन्म आमच्या शेजारच्या सिहोरचा, आणि त्याचे वडील १८५७ साली इंदूरच्या रेसिडेन्सीत होते. रॅडक्लिफ लाइन, मॅकमोहन लाइन ही नावे आपण इंग्रजीतच ठेवली. ‘नियंत्रण रेषा’ मात्र मराठी केली. बेळगावकडचे आमचे मित्र १९५६च्या राज्यपुनर्रचनेने ओढलेल्या रेषेबद्दल बोलतात तेव्हा ते ना लाइन म्हणतात ना रेषा. ते ‘सीमा’ म्हणतात. ‘सीमाभाग’ या शब्दात जे आहे ते ‘बॉर्डर लाइन’मध्ये मावणार नाही.

आता पुन्हा पंगतीकडे. हा शब्द संस्कृत ‘पंक्ति’वरून आला, आणि पंक्ति म्हणजे मुळात पाचांचा समूह. आमच्या माळव्यातल्या हिंदीतही पंगत आहे, त्यामुळे शेजाऱ्यांना तो शब्द समजावा लागत नाही. पंगत म्हणजे नुसती बसलेली रांग नव्हे. तिच्यात वाढपी आहेत, मीठ-लिंबापासून सुरू होणारा वाढण्याचा क्रम आहे, जिलबीचा आग्रह आहे, सगळ्यांचे वाढून होईपर्यंत थांबणे आहे आणि शेवटचा माणूस जेवेपर्यंत न उठणे आहे. एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढले तर त्या अन्यायाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, ‘पंक्तिप्रपंच’. जेवणाच्या पानावरून निघालेला हा शब्द आपण पुढे कचेरीतल्या बढत्यांनाही लावला. ‘लाइनप्रपंच’ असे काही म्हणता येत नाही. पंगत गेली तर तिच्यामागून तोही जाईल.

हे सगळे आम्ही गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत मांडले. सूचना कशी करायची ते ठरवणे पाच मिनिटांचे काम होते, त्याला पाऊण तास लागला. एका ज्येष्ठ सभासदांनी रास्त हरकत घेतली: निम्मी माणसे आता बुफेपुढे ताट घेऊन उभी असतात, त्यांना पंगत म्हणणे म्हणजे पंगतीचा अपमान. तेव्हा असे ठरले की बसून जेवणाऱ्यांसाठी माइकवरून ‘पंगत’ म्हणायचे, बुफेपुढे ‘रांग’, आणि कूपनच्या खिडकीवरचा ‘कृपया लाइन में आएँ’ हा जुना हिंदी फलक तसाच राहू द्यायचा, कारण तो रंगवून घेतलेला आहे आणि अजून चांगला आहे.